कुळागराच्या पातेऱ्यातली मोजणी: कीटक, माइट आणि त्यांच्या गणगोताची ओळख घरच्या घरी

दर वर्षी पौषात आमच्या कुळागरात, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या पोफळीच्या बागेत, झाडलोट व्हायची. पोफळीच्या सुक्या विऱ्या, केळीची करपलेली पानं, फणसाचा पातेरा, सगळं खराट्याने एका कोपऱ्यात ओढायचं आणि काडी लावायची. जागा लख्ख दिसायची. मीही हे बरीच वर्षं मनापासून केलं. एकदा पेटवण्याआधी त्यातला सूपभर पातेरा जुन्या पांढऱ्या चादरीवर पसरला, तर दोन मिनिटांत चादर चालू लागली. टुणकन उडणारे करडे ठिपके, गुंडाळी करून पडलेले वाणी, नांग्या उगारलेला पण शेपटी नसलेला तांदळाएवढा विंचू, आणि खसखशीपेक्षा बारीक असं कितीतरी. त्या दिवशी ढीग पेटवला नाही. दुसऱ्या दिवसापासून मोजायला लागले.

ती मोजणी कशी करायची ते इथे सविस्तर लिहिते आहे. प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती शिस्त: एकाच जागेचा तेवढाच तुकडा, एकाच पद्धतीने, वर्षभर. एखाद्या जीवाला कीड ठरवायचं असेल किंवा फवारणीचा पंप खांद्याला लावायचा असेल, तर त्याआधी ही वही भरलेली असावी, असं मला कळकळीने वाटतं.

जागा आणि वेळ

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. मग सडे (कातळाचे माळ) सुकतात. मार्चपर्यंत काजूच्या बागेतला पातेरा पायाखाली कुरकुरायला लागतो आणि ओलीवर जगणारे जीव खोल मातीत उतरतात किंवा अंड्यांच्या रूपात थांबतात. कुळागराला मात्र झरीचं पाणी पाटाने मिळत राहतं, त्यामुळे एप्रिलातही विरीखाली ओल सापडते. म्हणजे उन्हाळ्यात कुळागर हा या जीवांचा आसरा असायला हवा. हे गृहीत धरू नका, मोजून बघा.

त्यासाठी तीन प्रकारच्या जागा घ्या: कुळागरातली पातेरा राखलेली, कुळागरातलीच झाडलेली, आणि पाणी न मिळणारी बाहेरची, म्हणजे काजूखालची किंवा सड्यालगतची. ज्यांच्याकडे सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारतात त्यांनी चौथी जागा फवारलेल्या पोफळींखाली घ्यावी. त्यातलं तांबं पावसाबरोबर खाली उतरतं आणि मातीत साठत जातं. त्याचा पातेऱ्यातल्या जीवांवर काय परिणाम होतो ते आपल्याच जमिनीत पाहण्यासारखं आहे.

वर्षातून पाच फेऱ्या पुरतात. मृगाचा पाऊस सुरू होऊन आठवडा झाल्यावर पहिली. मग श्रावणात, दिवाळीच्या आधी, जानेवारीत आणि एप्रिलच्या शेवटी. फेरी चुकली तर पुढच्या महिन्यात ढकलू नका, ती रिकामी म्हणूनच नोंदवा.

परवानगीचं आधीच सांगते. मोले, बोंडला, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई या अभयारण्यांत वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक मुंगीसुद्धा उचलता येत नाही. काही फुलपाखरं आणि भुंगे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, त्यांना आपल्या अंगणातही मारता येत नाही. आणि देवराईत, मग ती सत्तरीतली निरंकाराची राय असो की आपल्या गावची, फक्त बघायचं. तिथलं पानही हलवू नये हा गावचा नियम आपल्या मोजणीपेक्षा जुना आहे.

अंगाची काळजी

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका. माकडताप हा आजार 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात ओळखला गेला आणि 2015 पासून सत्तरीतल्या काही गावांतही त्याचे रुग्ण आढळले. तो गोचिडींमार्फत येतो. डिसेंबर ते मे या काळात गोचिडीची पिल्लं पातेऱ्यात आणि गवताच्या शेंड्यांवर टपून असतात, म्हणजे नेमकं आपल्या जानेवारी-एप्रिलच्या फेऱ्यांच्या वेळी आणि काजूच्या हंगामात. ज्या गावात हा ताप आढळला आहे किंवा माकडं मेलेली दिसली आहेत, तिथे या काळात पातेऱ्यात हात घालूच नका. मेलेल्या माकडाजवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

इतरत्रही फिकट रंगाची पूर्ण बाह्यांची कपडे, पॅन्ट मोज्यांत खोचलेली, गुडघ्यापर्यंतचे गमबूट. बसायला पातेऱ्यावर नको, स्टूल न्या. घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा आणि काखा, कंबर, गुडघ्यामागची जागा तपासा. गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल लावणं, उदबत्ती टेकवणं हे प्रकार करू नका. नंतरच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आपणहून सांगा.

विरी उचलण्याआधी काठीने उलटी करा. त्याखाली घोणस किंवा विंचू असू शकतो. हातमोजे घाला.

पातेरा उचलणे

बांबूच्या पट्ट्यांची 50 सेंटिमीटर बाजूची चौकट बांधा. चौकटीच्या आतली जागा पाव चौरस मीटर होते, म्हणून प्रत्येक ठिकाणी चार चौकटी घेतल्या की पूर्ण चौरस मीटर. चौकट कुठे टाकायची ते डोळ्यांवर सोडू नका, कारण हात आपोआप जास्त ओल्या, जास्त ‘जिवंत’ दिसणाऱ्या जागेकडे जातो. लुडोचा फासा टाका: पहिल्यांदा पडेल तितकी पावलं पाटाच्या दिशेने, दुसऱ्यांदा पडेल तितकी उजवीकडे.

चौकट टेकवली की कडेने आधी आत या. स्प्रिंगटेल (ते टुणकन उडणारे करडे ठिपके) आणि आखूड पंखांचे भुंगेरे हादरा बसताच पळतात. पानं हातांनी भराभर उचलून, वर एक सेंटिमीटर भोकांची जाळी लावलेल्या पिशवीवर ठेवा आणि अर्धा मिनिट जोराने हलवा. मोठी पानं वर राहतात, भुसा आणि जीव खाली पडतात. मोठ्या पानांना चिकटलेलं काही दिसतं का ते बघून ती परत जागेवर टाका. मातीचा वरचा दोन बोटं जाडीचा थर खुरप्याने वेगळ्या पिशवीत घ्या, कारण एप्रिलात खरी गर्दी तिथेच असते. पिशव्या सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी पुढचं काम सुरू करा. उन्हात गाडीच्या डिकीत तासभर राहिलेला पातेरा वाया जातो.

बाटलीचं नरसाळं

इटलीच्या आंतोनिओ बर्लेसे यांनी 1905 साली एक सोपी युक्ती मांडली: पातेरा वरून तापवून सुकवत न्या, म्हणजे ओलीकडे जाणारे जीव खाली खाली सरकतात आणि नरसाळ्यातून भांड्यात पडतात. 1918 साली स्वीडनच्या आल्बर्ट टुल्ग्रेन यांनी त्यावर विजेचा दिवा लावला. जगभर मातीतले जीव आजही याच साधनाने मोजतात. आपण ते दोन लिटरच्या शीतपेयाच्या बाटलीतून करू.

1. बाटलीचा बूड कापून टाका आणि तोंड खाली करून ती उंच बरणीत किंवा मडक्याच्या तोंडात बसवा.
2. आत, मानेच्या वर, दोन-तीन मिलिमीटर भोकांची जाळी घट्ट बसवा. डासांची जाळी नको, तिची भोकं वाण्यांना आणि मोठ्या भुंगेऱ्यांना पुरत नाहीत.
3. जाळीवर लिटरभर चाळलेला पातेरा अलगद भरा. दाबू नका. आधी कागदावर ओतून सुटी माती झटकली तर खालच्या भांड्यात चिखल होत नाही.
4. खाली पातळ भांडं ठेवा. जीव जिवंत पाहून सोडायचे असतील तर भांड्यात ओला टिपकागद, जपून ठेवायचे असतील तर 70 टक्के अल्कोहोल.
5. वर 40 वॅटचा तारेचा दिवा, पातेऱ्यापासून वीतभर उंच. एलईडी दिवा चालत नाही, तो पुरेसा तापत नाही.

पहिला दिवस दिवा लावू नका. एकदम उष्णता दिली तर मऊ अंगाचे जीव अर्ध्या वाटेत सुकून मरतात आणि तुमच्या यादीत कधीच येत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून लावा. जानेवारीचा पातेरा चार दिवसांत सुकतो, श्रावणातल्याला आठवडा लागतो. पानं आणि दिवा यांचा स्पर्श होणार नाही हे रोज तपासा. पावसात वीज जाते तिथे दिव्याशिवायची पद्धत बरी: पातेरा सैल जाळीच्या पिशवीत भरून ती जाड कापडी पिशवीत टांगायची, तळाला भांडं बांधायचं आणि तीन दिवस वाऱ्याला ठेवायचं. मुंग्यांचे अभ्यासक जगभर हीच वापरतात.

अल्कोहोलबद्दल गोव्यात हमखास एक प्रश्न येतो: फेणी चालेल का? काजूच्या फेणीत अल्कोहोल साधारण 42 टक्के असतं. त्यात नमुना काही आठवड्यांतच फुगतो आणि कुजतो. 95 टक्क्यांचं अल्कोहोल मिळालं तर त्याचे 74 मिलिलिटर घेऊन पाण्याने 100 करा, 70 टक्क्यांचं झालं.

तो कोण? आधी पाय मोजा

दहापट मोठं दाखवणारं भिंग, पांढरी चिनी मातीची बशी आणि एक बारीक कुंचला घ्या. चिमट्याने स्प्रिंगटेल उचलायला गेलात तर तो चिरडतोच. कुंचला ओला करून टेकवा.

सहा पाय दिसले तर कीटक किंवा त्यांचे जवळचे नातलग. स्प्रिंगटेलच्या पोटाखाली दुभंगलेलं शेपूट अडकवून ठेवलेलं असतं, ते सुटलं की जीव उडी घेतो. त्यांना आता कीटकांपासून वेगळा वर्ग मानतात. आठ पाय म्हणजे कोळी, माइट (कोळ्यांच्या गोतातले ठिपक्याएवढे जीव) किंवा तो बिनशेपटीचा खोटा विंचू, जो माणसाला काहीच करत नाही. चौदा पायांचे, ओल्या दगडाखाली सापडणारे करडे जीव खेकड्याच्या कुळातले आहेत, पाणी सोडून जमिनीवर आलेले. त्याहून जास्त पाय असतील तर अंगाच्या प्रत्येक पेऱ्याला किती ते बघा: एक जोडी असेल तर गोम, धावते आणि शिकार करते, दोन जोड्या असतील तर वाणी, हळू चालतो आणि कुजकी पानं खातो.

एका ठिकाणी फसगत होते. माइटच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला सहाच पाय असतात. त्याला मिशा नाहीत आणि अंग एकसंध आहे हे पाहिलं की ओळख पटते.

माइटपाशी मी सर्वांत जास्त थांबते, कारण पातेऱ्यात संख्येने पहिले दोन नंबर बहुधा माइट आणि स्प्रिंगटेल यांचेच असतात आणि शेतीच्या बोलण्यात मात्र माइट म्हणजे ‘कोळी कीड’ एवढंच येतं. भिंगाखाली निदान तीन गट वेगळे करा. पहिला: तपकिरी, टणक, चकचकीत, पॉलिश केलेल्या मोहरीसारखा, पण तिच्याहून कितीतरी लहान. हे बुरशी आणि कुजणारी पानं खातात, सावकाश वाढतात, कमी अंडी घालतात. म्हणून जिथे माती सतत उकरली किंवा जाळली जाते तिथून ते गेले की परतायला फार वेळ लागतो. त्यांची संख्या हा जागेच्या स्वास्थ्याचा चांगला अंदाज आहे. दुसरा: चपटा, मधाच्या रंगाचा, भरधाव पळणारा, पुढचे दोन पाय मिशांसारखे चाचपत जाणारा. हा शिकारी. तिसरा: मऊ, पांढरट किंवा लाल. यात शिकारीही आहेत आणि झाडाचा रस पिणारेही, त्यामुळे घाईने निवाडा करू नका.

मुंग्या वेगळ्या मोजा. पातेऱ्यात बदामाच्या आकाराच्या डोक्याची, दोन-तीन मिलिमीटरची मुंगी मिळाली तर तिला वेळ द्या: या जातीच्या मुंग्या स्प्रिंगटेलची शिकार करतात, जबडे सापळ्यासारखे मिटून. झाडावरचे हुमले तर सगळ्यांच्या परिचयाचे. पानं शिवायला लागणारं रेशीम त्यांच्या अळ्यांचं असतं. कामकरी मुंग्या अळीला तोंडात धरून धोट्यासारखी इकडून तिकडे फिरवतात. काजूचा कोवळा मोहर सुकवणाऱ्या ढेकण्यावर त्यांचा चांगला वचक असतो. घरटी जाळण्याआधी हे लक्षात असू द्या.

आणि रोयण, म्हणजे वारूळ. सातेरीच्या देवळात जिची पूजा होते ती हीच. रोयण खणून मोजणी करू नका. आतल्या वाळवीने चावलेल्या लाकडा-पानांच्या लगद्यावर बुरशीची शेती केलेली असते आणि पावसात आपण ज्या अळम्यांवर (रानातल्या भूछत्रांवर) तुटून पडतो त्या या शेतीची फळं आहेत. वहीत फक्त रोयणीचं ठिकाण, उंची, जिवंत आहे की ओस, आणि अळमी कुठल्या तारखेला उगवली ते लिहा. काही अळम्या न उपटता तशाच सोडून द्या, बीजाणू पसरायला हवेत.

इतर तीन पद्धती, थोडक्यात

*जमिनीतला पेला.* पातेऱ्यावर रात्री फिरणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी आणि लांडग्यासारख्या धावत्या कोळ्यांसाठी. प्लॅस्टिकचा पेला काठ जमिनीच्या पातळीला येईल असा पुरा, वर तीन खड्यांवर करवंटी उपडी टेकवा. पावसात काठाखाली सुईने भोकं पाडा, नाहीतर पेला भरून जीव वाहून जातात. बेडूक आणि सापसुरळी पडू नये म्हणून तोंड सात-आठ सेंटिमीटरपेक्षा मोठं नको, आणि रोज सकाळी बघा.

*छत्री.* फांदीखाली पांढरी छत्री उलटी धरा, काठीने तीन टोले द्या, पडेल ते मोजा. दर वेळी तितकेच टोले.

*पडदा.* अमावास्येच्या आसपास, संध्याकाळी सातपासून दोन तास, पांढरी चादर ताणून मागे दिवा. मे महिन्यातले वळवाचे दिवस आणि ऑक्टोबर उत्तम. दोन तासांनी दिवा घालवा, कारण चादरीवर अडकलेले पतंग रात्रभर खाणं आणि जोडीदार दोन्हींना मुकतात. काजुले चमकतात त्या झाडाजवळ पडदा कधीच लावू नका. नारिंगी-काळा, सडपातळ, आखूड पंखांचा भुंगेरा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकरीने उडवा. त्याच्या रक्ताने कातडीवर भाजल्यासारखे फोड येतात. चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा.

माडाच्या टोपीखाली

पातेऱ्याबाहेरची एकच तपासणी सांगते, कारण ती प्रत्येक घराला उपयोगी आहे. नारळावर देठाजवळ फिकट त्रिकोणी डाग पडतो, पुढे तो तपकिरी होऊन सोडण भेगाळते. हे काम इरिओफाइड माइटचं. 1965 साली मेक्सिकोतल्या नमुन्यांवरून त्याला शास्त्रीय नाव मिळालं आणि भारतात तो 1998 मध्ये केरळात सापडला. लांबी मिलिमीटरचा पाचवा भाग, आकार गाजरासारखा, आणि पाय फक्त चार.

गळलेलं किंवा मुद्दाम काढलेलं तीन-चार महिन्यांचं कोवळं फळ घ्या. टोपीच्या पाकळ्या चाकूने एकेक करून सोडवा आणि आतली बाजू लगेच भिंगाखाली धरा. पांढरट पुंजका म्हणजे तोच. आता थांबा आणि त्या पुंजक्याभोवती पळणारे मोठे, चपटे, फिकट रंगाचे आठ पायांचे जीव शोधा. ते दुसऱ्या गटातले शिकारी माइट आहेत आणि या चार पायांच्या माइटवर जगतात. दहा फळांपैकी किती फळांत कीड, किती फळांत शिकारी, अशा दोनच संख्या लिहा. शिकारी दिसत असताना सर्वनाशी औषध मारलं तर आधी तेच मरतात, कारण कीड टोपीच्या आत सुरक्षित असते.

वही

प्रत्येक कुपीत कागदाची चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली. शाई अल्कोहोलात विरघळते. माझ्या पहिल्या वर्षीच्या कुप्यांपैकी निम्म्या अशाच बिननावाच्या झाल्या. चिठ्ठीवर गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, जागा, पद्धत, किती क्षेत्र, आणि कोणी गोळा केलं.

शास्त्रीय नावाच्या मागे लागू नका. सारखे दिसणारे एकत्र करून त्यांना खुणेची नावं द्या: ‘तपकिरी माइट 3’, ‘बदामडोकी मुंगी’. प्रत्येकाचा फोटो आलेखाच्या कागदावर ठेवून काढा म्हणजे मापही मिळतं. फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकले तर जाणकार ओळखायला मदत करतात. दुर्मीळ वाटणाऱ्या जीवाचं नेमकं ठिकाण मात्र झाकून ठेवा.

दर चौकटीनंतर आतापर्यंत एकूण किती प्रकार झाले ते लिहित जा. आकडा वाढायचा थांबत आला की त्या जागेची ओळख पुरी होत आली. थांबत नसेल तर अजून किती बाकी आहेत याचा अंदाज तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन चाओ यांच्या 1984 च्या सूत्राने घरीच काढता येतो. समजा 40 प्रकार मिळाले. त्यातल्या 12 प्रकारांचा एकेकच जीव मिळाला आणि 6 प्रकारांचे दोन-दोन. 12 गुणिले 12 म्हणजे 144, त्याला 6 च्या दुपटीने, म्हणजे 12 ने, भागा: 12. म्हणजे त्या जागेत किमान 52 प्रकार असावेत. झाडलेल्या आणि राखलेल्या जागांची तुलना करताना नुसते मिळालेले प्रकार न धरता हा आकडा शेजारी ठेवा, कारण झाडलेल्या जागेत कमी मिळाले की कमी शोधले हा गोंधळ त्याने बराच सुटतो.

फेरी संपली की नरसाळ्यातला सुकलेला पातेरा पाण्याने ओला करा आणि जिथून उचलला त्याच पोफळीच्या बुंध्याशी पसरून या. टिपकागदावरचे जिवंत जीवही तिथेच, विरीखाली, संध्याकाळ झाल्यावर सोडा. दुपारी सोडले तर वरच्या मुंग्या त्यांना लगेच उचलून नेतात.